एआय मठ्ठ का वाटतं: इंफाळ-कोहिमा १९४४ वर हेक्स वॉरगेम करणाऱ्याला उत्तर

तू थर्ड इयरला आहेस म्हणालास म्हणून सरळ अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. बाकी वाचणाऱ्यांसाठी प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. याला इंफाळ-कोहिमाच्या १९४४ च्या लढाईवर (जपानी विरुद्ध ब्रिटिश-भारतीय सैन्य) टर्न-बेस्ड हेक्स वॉरगेम, म्हणजे षटकोनी घरांच्या नकाशावर आळीपाळीने खेळायचा युद्धाचा गेम, करायचाय, गोडो या गेम इंजिनमध्ये नकाशा झालाय, युनिटं चालतात, हल्ले होतात, पण जपानी बाजू कम्प्युटरकडे दिली की एकेक युनिट येतं आणि मरून जातं. तर न्यूरल नेटवर्क ट्रेन करू का, हा मुख्य प्रश्न. शिवाय पुढे टाकायच्या फीचर्सची मारुतीच्या शेपटासारखी यादी आहे, मित्र म्हणतात तुझे फासे चीटिंग करतात, आणि मल्टीप्लेअरचा पाया आत्ताच घालू का असंही विचारलंय.

न्यूरल नेटवर्क नको. अल्फाझीरो हे एआय बुद्धिबळ आणि गो शिकलं कारण त्या खेळांचे नियम कधीचे पक्के आहेत आणि त्यांच्याकडे स्वतःशीच लाखो डाव खेळायला मशीन्स होती. तुझे नियम मागच्या रविवारचे आहेत आणि पुढच्या रविवारी बदलणार, की मागचं सगळं शिकलेलं पाण्यात. आणि समजा शिकलंच, तरी ते अमुक टर्नला अमुक टेकडी सोडून का गेलं हे तुला सांगता येणार नाही, म्हणजे दुरुस्तही करता येणार नाही.

पण खरं दुखणं वेगळं आहे. तुझं एआय मठ्ठ आहे असं मला वाटत नाही, तू त्याला खेळता येणार नाहीत असे नियम दिलेत. मी बरीच वर्षं हेच काम करतोय आणि माझा एकच हट्ट असतो, जो नियम कम्प्युटरला वापरता येत नाही तो गेममध्ये ठेवायचा नाही, कितीही ऐतिहासिक असला तरी. आधी नियम पुरे करायचे आणि मग शेवटच्या महिन्यात एआय चिकटवायचं, ही पद्धत आपल्या धंद्यात इतकी रुळलीय की लोकांना वॉरगेमचं एआय वाईटच असतं असं वाटायला लागलंय.

ख्रिस क्रॉफर्डचा ईस्टर्न फ्रंट (१९४१) बघ, १९८१ चा, अटारीच्या ८-बिट कम्प्युटरवरचा. प्रोसेसर जेमतेम १.८ मेगाहर्ट्झचा. टीव्हीचा किरण स्क्रीनच्या तळाशी पोचून परत वर जातो तेव्हा दर सेकंदाला ६० वेळा जो इंटरप्ट येतो, त्यात त्याने जॉयस्टिक, नकाशा सरकवणं वगैरे माणसाची कामं उरकली आणि उरलेला सगळा वेळ कम्प्युटरला विचार करायला दिला. म्हणजे तू ऑर्डर द्यायला जितका वेळ लावशील तितका रशियन कम्प्युटर आपली योजना घासून पुसून आणखी चांगली करत बसणार. ही युक्ती म्हणून भारी आहेच, पण मला त्यातलं जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की गेमचा सांगाडाच विरोधकाला मध्यभागी धरून उभा केलाय. नियम मोजके, आणि जे आहेत ते कम्प्युटरला वापरता येतात.

आता तुझ्या लढाईकडे येऊ. विषय तू फार चांगला निवडलायस, कारण ही मोहीम पोटावर चाललेली आहे. जपानी सेनापती मुतागुचीच्या तीन डिव्हिजन, ३३वी दक्षिणेकडून ८ मार्चच्या सुमारास, मग आठवडाभराने १५वी आणि ३१वी चिंदविन नदी ओलांडून, सगळ्या साधारण तीन आठवड्यांचा शिधा घेऊन निघाल्या. पुढचं खाणं ब्रिटिशांच्या डेपोंमधून मिळेल हा हिशोब होता. तो फसला. मेअखेर ३१व्या डिव्हिजनचा सातो वरून हुकूम नसताना कोहिमाहून मागे फिरला कारण माणसांना खायलाच नव्हतं. आणि २२ जूनला कोहिमाकडून आणि इंफाळकडून आलेल्या तुकड्या १०९व्या मैलावर भेटल्या आणि रस्ता उघडला.

तू सप्लायचा जो नियम लिहिलायस तो दोन्ही बाजूंना सारखाच आहे, प्रत्येक युनिटपासून डेपोपर्यंत वाट शोधायची, सापडली तर सप्लाय आहे, नाही तर नाही. ब्रिटिश-भारतीय बाजूला हे चालेल. दिमापूरचा डेपो, तिथून कोहिमामार्गे इंफाळला जाणारा एकच डांबरी रस्ता, तो मार्चअखेर तुटला की इंफाळ फक्त विमानांवर. त्यासाठी दिमापूरपासून डाइक्स्ट्रा (सगळ्यात स्वस्त वाट शोधायची पद्धत) चालव, रस्त्याला किंमत कमी, डोंगराला जास्त, अमुक किमतीपलीकडचे हेक्स सप्लायबाहेर, झालं. जपान्यांना मात्र हा नियम लावलास की ते चिंदविन ओलांडल्याबरोबर सप्लायबाहेर जातात, त्यांची ताकद अर्धी होते आणि तुझं एआय बिचारं अर्ध्या ताकदीची युनिटं घेऊन हल्ले करत सुटतं. मित्र त्याला मठ्ठ म्हणतात.

जपान्यांना वाट नको, साठा दे. प्रत्येक रेजिमेंटच्या अंगावर एक आकडा, शिल्लक दिवस, सुरुवातीला २० किंवा २१. टर्न तीन दिवसांची धरलीस तर दर टर्नला तीन कमी. ब्रिटिश डेपो असलेला हेक्स घेतला की त्या डेपोत जेवढं असेल तेवढे दिवस वाढले, आणि ब्रिटिश खेळाडूला निघताना डेपो जाळायचा पर्याय ठेव, पण त्याला एक टर्न लागू दे. एवढंच. दोन बाजूंना दोन वेगळे नियम म्हणजे अशुद्ध वगैरे काही नाही, दोन सैन्यं खरोखरच दोन पद्धतीने जेवत होती.

आणि आता गंमत बघ, हा एक आकडा एआयला किती कामाचा आहे. समज सांगशाक या डोंगरातल्या गावी एक ब्रिटिश ब्रिगेड बसलीय, ताकद ४, डोंगराची दुप्पट म्हणजे ८. समोर दोन जपानी रेजिमेंट, प्रत्येकी ताकद ९, आणि तोफखाना, त्याची ६. तुझं आत्ताचं एआय काय करतं, युनिटांची यादी घेतं, पहिल्या युनिटसाठी सगळ्यात जवळचं लक्ष्य शोधतं आणि हल्ला करतं, ९ ला ८ म्हणजे जेमतेम बरोबरी, मार खातं. मग दुसरं युनिट तेच. मग तोफखाना एकटा जातो ६ ला ८. तिन्ही ठिकाणी फटके खाऊन टर्न संपते. हे सगळं उलटं करायचं. युनिटपासून सुरुवात करू नकोस, लक्ष्यापासून कर. शत्रूचा प्रत्येक हेक्स घे, त्याच्या शेजारच्या सहा हेक्समध्ये या टर्नला आपलं कोण कोण पोचू शकतं ते गोळा कर, त्यातून ३:१ गाठणारा सगळ्यात छोटा गट निवड, ९ अधिक ९ अधिक ६ म्हणजे २४ ला ८, बरोबर तीनास एक. मगच तिघांना हलव, आणि हलवताना लांबून येणाऱ्याला आधी, नाहीतर जवळचा त्याची वाट अडवून बसतो (हा बग इतक्या गेम्समध्ये बघितलाय की सांगता सोय नाही). गट जमत नसेल तर हल्लाच नाही, फक्त जवळ सरकायचं.

मग शिल्लक दिवस यात ओत. पंधराच्या वर दिवस असतील तर ३:१ शिवाय हल्ला नाही. दहाच्या खाली आले की २:१ चालेल. पाचच्या खाली गेले की लक्ष्यांच्या यादीत फक्त डेपो ठेव, आणि डेपोही आवाक्यात नसेल तर चिंदविनकडे परत. चार ओळींचा कोड आहे. पण समोरच्या खेळाडूला काय दिसतं? सुरुवातीला शिस्तीत येणारा, जमवाजमव करून घाव घालणारा शत्रू, मग हळूहळू अधीर होत जाणारा, मग डेपोवर जिवावर उदार होऊन तुटून पडणारा, आणि शेवटी ढासळणारा. स्क्रिप्ट एकही लिहिलेली नाही. खेळाडू म्हणेल एआयला भूक लागलीय, आणि ते खरंच असेल.

गट जमवून हल्ला करायची पद्धत कोडमध्ये बघायची असेल तर बॅटल फॉर वेसनॉथ उघड. २००३ पासूनचा ओपन सोर्स गेम आहे, सी++ मध्ये. त्याचं डीफॉल्ट एआय असंच चालतं, शक्य कामांची यादी, प्रत्येक काम स्वतःला गुण देतं, सगळ्यात जास्त गुणांचं काम होतं, मग परत मोजणी. अॅग्रेशन आणि कॉशन असे दोन आकडे बदलले की तेच एआय आततायी किंवा भित्रं होतं. कॉपी करू नकोस, वाच. चार संध्याकाळी दे त्याला.

याच्यावर आणखी एक थर लागेल, तो म्हणजे योजना. नुसत्या गुणांवर चालणारं एआय प्रत्येक टर्नला नव्याने जन्माला आल्यासारखं वागतं, आज कोहिमाकडे, उद्या सगळे वळून पलेलकडे. म्हणून रेजिमेंट्सना सुरुवातीलाच वाटून दे, ३१व्या डिव्हिजनचं लक्ष्य कोहिमा, १५वीचं उत्तरेकडून इंफाळ, ३३वीचं तिद्दिम आणि तामूच्या बाजूने वर. लक्ष्य बदलायला ठरावीक कारण लागेल, लक्ष्य हाती आलं, किंवा अमुक टर्न गेल्या, किंवा दिवस संपत आले. कारण नसताना बदल नाही. आणि ३१वीसाठी एक फाटा ठेवायचा, दिमापूर. मुतागुचीला सातोने कोहिमा सोडून पुढे दिमापूरवर जावं असं वाटत होतं, त्याच्या वरिष्ठाने, कावाबेने, ते थांबवलं. दिमापूर हा प्रचंड तळ होता आणि सुरुवातीला तिथे लढणारं सैन्य फारसं नव्हतं, त्यामुळे ब्रिटिश सेनापती स्लिमच्या जिवाला घोर लागला होता. गेम सुरू होताना एआयने गुपचूप फासा टाकावा आणि दर चार-पाच गेम्समधून एकदा दिमापूरचा रस्ता धरावा. तेवढं एकदा झालं की पुढच्या प्रत्येक गेममध्ये खेळाडू दिमापूरला एक ब्रिगेड बसवून ठेवेल, आणि त्या ब्रिगेडवाचून कोहिमाला तळमळेल.

झोन ऑफ कंट्रोल. तू बोर्डगेमसारखा कडक ठेवलायस, शत्रूच्या शेजारच्या हेक्समध्ये आलं की थांबायचं. या मोहिमेत तो काढून टाक. जपान्यांचं सगळं कौशल्यच शत्रूला बाजूला ठेवून डोंगरातून मागे जाऊन रस्ता तोडण्यात होतं, ब्रिटिश बाजूच्या १७व्या डिव्हिजनला तिद्दिम रस्त्यावर त्यांनी असंच गाठलं. माझा सल्ला असा, झोन फक्त रस्त्यावर लागू कर. रस्त्याच्या हेक्सशेजारी शत्रू असेल तर त्या रस्त्याने सप्लाय जात नाही आणि गाड्यांचं युनिट पुढे जात नाही, पण पायी जाणाऱ्या रेजिमेंटला जंगलात कोणी अडवत नाही. एआयलाही हे सोपं पडतं, कारण पाथफाइंडिंगमध्ये, म्हणजे वाट शोधण्यात, अपवाद कमी. कडक झोनमध्ये एआय नेहमी फसतं, खेळाडू दोन युनिटं एक हेक्स सोडून ठेवतो आणि अख्खी फळी अडवतो, आणि एआय त्या भिंतीवर डोकं आपटत राहतं.

स्केलबद्दल तू काही विचारलं नाहीस पण मला खटकतंय. दिमापूरपासून तिद्दिमपर्यंतचा पट्टा दाखवायचा आणि त्याच नकाशावर कोहिमाच्या डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं टेनिस कोर्टही दाखवायचं, हे होत नसतं. पाच किलोमीटरचा हेक्स धरलास तर कोहिमाची अख्खी टेकडी एका हेक्समध्ये जाते. ५ एप्रिलच्या आसपास सुरू झालेला वेढा, टेनिस कोर्टच्या दोन कडांवरून एकमेकांवर फेकलेले हातबॉम्ब, हे सगळं तुझ्या नकाशावर एक आकडा आहे, या टर्नला टिकले की नाही. वाईट वाटतं मान्य आहे, पण मग टेनिस कोर्टचा वेगळा गेम कर. ८ मार्च ते २२ जून म्हणजे १०७ दिवस, तीन दिवसांची टर्न म्हणजे ३६ टर्न, जपान्यांकडे डझनभर युनिटं, समोर ब्रिगेडच्या हिशोबाने त्याहून थोडी जास्त. एका संध्याकाळी अर्धा गेम होईल, हे प्रमाण एकट्याने बनवायला झेपणारं आहे. गॅरी ग्रिग्सबीच्या वॉर इन द ईस्टमध्ये १० मैलांचे हेक्स आणि आठवड्याच्या टर्न आहेत आणि तरी लोक महिनोन्महिने एकच मोहीम खेळत बसतात, पण त्यामागे १९८० च्या दशकापासून हेच करत आलेला माणूस आहे, त्याच्याशी बरोबरी करायला जाऊ नकोस.

आता वॉरगेमवाल्यांचं जुनं दुखणं, खेळाडूने इतिहास वाचलेला असतो. त्याला माहीत आहे की १७व्या डिव्हिजनला माघारीचा हुकूम १३ मार्चला गेला आणि तो उशिरा गेला. म्हणून तो पहिल्याच टर्नला डिव्हिजन उचलून इंफाळला आणणार आणि आपण स्लिमपेक्षा हुशार आहोत म्हणून खूश होणार. इथे तू नियम करशील की चौथ्या टर्नपर्यंत डिव्हिजन हलवता येणार नाही. असले नियम खेळाडूला जाम टोचतात. त्यापेक्षा त्याला स्लिम आणि त्याच्या हाताखालचा इंफाळचा सेनापती स्कून्स यांच्यासमोरचा प्रश्नच दे. हल्ला येणार हे त्यांना कळलेलं होतं, कधी ते नक्की नव्हतं. तू गेम मार्चच्या सुरुवातीला सुरू कर आणि जपानी हल्ल्याची टर्न पहिल्या चार-पाच टर्नमधून फाशाने ठरव. लवकर माघार घेतली तर तिद्दिम रस्त्यावरच्या डेपोतला माल तसाच मागे राहतो, तो जपान्यांच्या दिवसांत जमा होतो. उशीर केला तर रस्ता तुटतो आणि मग राखीव २३व्या डिव्हिजनच्या ब्रिगेड्स दक्षिणेला पाठवून सोडवणूक करावी लागते, जशी खरोखर करावी लागली, आणि मग इंफाळ उघडं पडतं. आता इतिहास वाचलेल्यालाही विचार करावा लागेल. आणि हे एआयलाही चालतं बरं का, ब्रिटिश बाजू कम्प्युटरकडे असेल तर त्याला एकच तुलना करायची आहे, डेपो हलवायला किती टर्न लागतील आणि शत्रू किती टर्नवर आहे.

जपानी बाजूने खेळणाऱ्यालाही माहीत असतं की शेवटी उपासमार आहे, तो पाचव्या टर्नलाच परत फिरेल. त्याला परत फिरू दे, पण चिंदविनपलीकडे गेलेल्या प्रत्येक रेजिमेंटमागे विजयाचे गुण कापायचे, आणि जितकं लवकर तितके जास्त. सातोचं बंड वेगळ्या इव्हेंटने दाखवायची गरज राहत नाही.

तुझ्या यादीतलं बाकीचं पटापट. संशोधनाचं ट्री, साडेतीन महिन्यांच्या मोहिमेत? काढ. सेनापतींचे गुण, काढ. हेरगिरी, काढ. मोराल आणि शिल्लक दिवस एकाच गोष्टीचे दोन आकडे होतील, एक काढ, मोराल काढ. हवामान ठेव पण फासा नको, मेच्या मध्यापासून पाऊस लागला की कच्चे रस्ते डोंगराच्या किमतीला आणि विमानांची फेरी कमी, एवढंच. विमानं मात्र नीट कर, तिथे खरा निर्णय आहे. दर टर्नला ठरावीक फेऱ्या, त्या खेळाडूने वाटायच्या, इंफाळला दारूगोळा आणि धान्य, वेढ्यात अडकलेल्या युनिटला वरून टाकणं, आणि मार्चमध्ये ५वी भारतीय डिव्हिजन बर्माच्या आराकान भागातून उचलून आणणं. परतीच्या विमानातून बिनलढाऊ माणसं बाहेर काढता येतात, तेवढी तोंडं कमी. अशा वाटणीत एआय माणसापेक्षा बरं खेळतं कारण ती नुसती आकडेमोड आहे.

आझाद हिंद फौजेबद्दल तू लिहिलंयस की त्यांना जास्त ताकद दिली नाही तर लोक चिडतील. गांधी ब्रिगेड पलेलच्या बाजूला होती, तिथे ठेव, शस्त्रं आणि रसद जशी तुटपुंजी होती तशीच दे. १४ एप्रिलला मोइरांगला झेंडा फडकला, तर मोइरांगला जपानी बाजूसाठी विजयाचे गुण दे, सैनिकी किंमत नसलेले. ताकदीच्या आकड्यात भावना घालायला लागलास की बॅलन्स कधीच हाती येणार नाही. हेच सांगशाकला. तिथे ५०व्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक बटालियन (४/५ मराठा) होती म्हणून तू तिला डिफेन्सचा बोनस दिलायस, ते मी पाहिलं, हसलो पण. काढ तो. त्यांनी २१ ते २६ मार्च असं जे रोखून धरलं ते बोनसशिवाय तुझ्या गेममध्ये घडतंय का हे बघ, तीच तुझी टेस्ट. तुझ्या एआयने सांगशाक एका टर्नला चिरडलं तर तुझी लढाईची गणितं चुकलीत, चार टर्न लागल्या तरी चुकलीत.

फाशांचं. मित्रांचं म्हणणं सगळ्या गेम्सच्या नशिबी असतं. पाच हल्ले, प्रत्येकी ८० टक्के शक्यता, पाचही जमायची शक्यता ३३ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे तीनातल्या दोन टर्नला काहीतरी बिनसणारच आणि खेळाडूला फक्त बिनसलेलं आठवतं. फायर एम्ब्लेम या गेमवाल्यांनी २००२ पासून दोन रँडम आकड्यांची सरासरी घेऊन दाखवलेले ९० टक्के प्रत्यक्षात ९८ च्या आसपास नेले, खेळाडू खूश. वॉरगेममध्ये मी हे करणार नाही. आपला प्रेक्षक वही घेऊन बसतो, पकडेल, आणि मग एकही आकडा खरा मानणार नाही. त्यापेक्षा जिंकलो-हरलो असा एक फासा काढून टाक, दोन-तीन फाशांची बेरीज घे म्हणजे निकाल मध्याकडे जमतात, आणि हल्ल्याआधी अंदाजे नुकसान दोन्ही बाजूंचं दाखव. पँझर जनरल या वॉरगेमने १९९४ मध्येच हे दाखवलं होतं. अंदाज का तसा आहे तेही माउस नेल्यावर दिसू दे, डोंगर दुप्पट, तोफखाना अधिक सहा, नदी वजा. फासे चीटिंग करतात या तक्रारीतल्या निम्म्या तरी असतात डोंगर दिसला नाही म्हणून.

रँडमचा सीड (ज्या आकड्यावरून सगळे फासे निघतात तो) सेव्ह फाइलमध्ये ठेव, नाहीतर लोक लोड करून करून हवा तो निकाल मिळवतात. आणि नुसता सीड ठेवूनही पुरत नाही, कारण मग ते आधी एक फालतू हल्ला करून फासा पुढे सरकवतात. म्हणून प्रत्येक हल्ल्याचा फासा त्या हल्ल्याच्या माहितीतून काढायचा, गेमचा सीड, टर्न, लक्ष्याचा हेक्स, हल्ला करणाऱ्यांचे क्रमांक, सगळ्याचा हॅश, म्हणजे या सगळ्यातून काढलेला एकच आकडा. क्रम बदलला तरी निकाल तोच.

इंटरफेसवर नियमांच्या दुप्पट वेळ जाईल, तयारी ठेव. युनिटी ऑफ कमांड खेळला नसशील तर खेळ, सप्लाय कसा दाखवायचा आणि कम्प्युटरने तो कसा तोडायचा यासाठी, त्याचं एआय तुझ्या फळीत फट दिसली की थेट मागच्या रेल्वेवर जातं. तुझ्या गेममध्येही एका बटणावर नकाशा रंगून कोण किती दिवस पुरेल ते दिसलंच पाहिजे. तेच चित्र एआय डीबग करतानाही वापर, प्रत्येक हेक्सवर एआयने दिलेले गुण रंगाने. लॉग वाचून एआय सुधारत नाही, नकाशावर बघून सुधारतं.

कोडबद्दल एवढंच सांगतो, नियम आणि चित्र वेगळं कर. आत्ता तुझ्या युनिटच्या नोडमध्येच हालचाल, हल्ला, अॅनिमेशन सगळं आहे. नियमांचा भाग असा हवा की तो खिडकी न उघडता चालेल, त्याला ऑर्डर द्यायची, तो नवी स्थिती परत देईल. मग गोडोच्या हेडलेस (चित्राशिवाय चालणाऱ्या) मोडमध्ये एआय विरुद्ध एआय रात्रभर शेकडो गेम लाव आणि सकाळी बघ, कोहिमा कितव्या टर्नला पडतं, सांगशाक किती टिकतं, दिमापूरचा फाटा घेतला तर जपानी किती वेळा जिंकतात. आकडेमोड पूर्णांकात ठेव, अपूर्णांक वेगवेगळ्या मशीनवर किंचित वेगळे येऊ शकतात आणि रिप्ले मूळ डावाशी जुळत नाही. युनिटांचे आकडे कोडमध्ये नकोत, बाहेर फाइलमध्ये, म्हणजे सकाळी एक आकडा बदलून रात्री परत लावता येतं. मशीनला शिकवायची हौस असेलच तर ती इथे भागव, दहा-बारा आकडे थोडे थोडे हलवून कुठलं एआय जास्त जिंकतं ते शोध, त्याला न्यूरल नेटवर्क लागत नाही.

आणि मल्टीप्लेअर आत्ता नको. वरचं वेगळं केलेलं असेल, ऑर्डर्स फाइलमध्ये जात असतील आणि फासे हॅशमधून येत असतील, तर एकाने टर्न खेळून फाइल मेलवर पाठवायची आणि दुसऱ्याने उघडायची, हे जवळजवळ आपोआप मिळतं. सर्व्हर वगैरेचं पुढे, गेम कोणी खेळायला लागलं तर. आधी सप्लायचा नियम बदल, लक्ष्यापासून सुरू होणारा हल्ला लिही, आणि दोन्ही बाजू एआयकडे देऊन पहिल्या दहा टर्नचा रिप्ले टाक इथे, मग बघू.